आठ बिटी प्रोसेसर निवडताना आधी मेमरीचा हिशेब करा

१९७४ ते १९७६ या काळात ८०८०, ६८००, ६५०२, झेड८० आणि ८०८५ आले. यांपैकी कोणावर बोर्ड बांधायचा हे ठरवताना मेगाहर्ट्‌झ बाजूला ठेवा आणि डेटाशीटमधला टायमिंगचा तक्ता उघडा.

४ मेगाहर्ट्‌झच्या झेड८०ए-ला ऑपकोड (आज्ञेचा कोड) वाचायला दोन क्लॉक, म्हणजे ५०० नॅनोसेकंद मिळतात. ॲड्रेस स्थिर व्हायचे ११० आणि डेटा सेटअपचे ३५ वजा केले की ३५५ उरतात. डिकोडरचा (योग्य चिप निवडणाऱ्या सर्किटचा) उशीरही त्यातच बसवायचा, त्यामुळे ४५० नॅनोसेकंदांची ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवणारी, पुसता येणारी रॉम) लावली तर वेट स्टेट (प्रोसेसरला थांबवणारा जादा क्लॉक) घालावीच लागते. १ मेगाहर्ट्‌झच्या ६५०२-ला मात्र सुमारे ५७५ मिळतात आणि ४५० ची जुनी ईप्रॉमही चालते. आता काम बघा: अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये थेट आकडा मिळवायला झेड८० सात क्लॉक घेतो (१.७५ मायक्रोसेकंद), ६५०२ दोन (२ मायक्रोसेकंद). चौपट क्लॉकचा फायदा इथे एवढाच. झेड८०-ची खरी मिळकत म्हणजे आत असलेलं डायनॅमिक रॅमचं रिफ्रेश (डेटा टिकावा म्हणून तो सतत ताजा करणं). पण रिसेट किंवा वेट लांबला तर तेही थांबतं आणि डेटा जातो.

मग सोबतच्या चिप मोजा. ८०८०-ला +५, +१२ आणि −५ व्होल्ट लागतात, शिवाय ८२२४ (क्लॉक देणारी चिप) आणि ८२२८ (बसचे कंट्रोल सिग्नल देणारी); नव्या बोर्डासाठी तो घेऊ नये. ६८००-ला एकच ५ व्होल्ट पुरतो, पण दोन फेजचा क्लॉक बाहेरून द्यावा लागतो. ८०८५-ला क्रिस्टल थेट जोडता येतो (६.१४४ दिला तर आत ३.०७२ मेगाहर्ट्‌झ), मात्र खालचा ॲड्रेस धरायला ७४एलएस३७३ हा लॅच हवा. तिथे ३७४ बसवू नका: तो एएलई (ॲड्रेस धरायला सांगणारा सिग्नल) चढतानाच, ॲड्रेस स्थिर होण्याआधी, चुकीची किंमत पकडतो.

बोर्ड चालू होत नसेल तर आधी हे तपासा. झेड८०-चा क्लॉक किमान ४.४ व्होल्टपर्यंत चढायला हवा. साध्या टीटीएल चिपच्या आउटपुटला ते जमत नाही, म्हणून ५ व्होल्टकडे ३३० ओहमचा पुल-अप रेझिस्टर द्या. त्याच्या पोर्ट डिकोडरमध्ये एम१ (ऑपकोड वाचताना लो होणारा सिग्नल) हाय असल्याची अट घाला, नाहीतर इंटरप्ट ॲकनॉलेजच्या वेळी भलतंच पोर्ट जागं होतं. ६५०२-वर रॅमचा राइट सिग्नल फाय२ या क्लॉक सिग्नलशी गेट करा; ॲड्रेस बदलत असताना राइट चालू राहिला तर शेजारचे बाइट बिघडतात.

६५०२-चा रिसेट व्हेक्टर (रिसेटनंतर कुठून सुरू व्हायचं तो पत्ता) मेमरीच्या वरच्या टोकाला, हेक्स एफएफएफसी-वर, म्हणून रॉम वर आणि रॅम शून्यापासून. झेड८० आणि ८०८५ शून्यावरून सुरू होतात. सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची असेल तर तिला शून्यापासून रॅम लागते, म्हणून बूटनंतर खालची रॉम बाजूला करणारा एक फ्लिप-फ्लॉप पहिल्याच आराखड्यात ठेवा.