नट आवळताना इंजिन धरायचं कसं: गॅरेजच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

बेळगाव भागातल्या गॅरेजमध्ये मराठी आणि कानडी एकाच वाक्यात येतात. नवीन मराठी मुलाची पहिली फजिती 'बिगी' या शब्दावर होते. 'बिगी माडु' ऐकलं की तो घाई करायला लागतो, कारण आपल्याकडे बिगीबिगी म्हणजे भराभर. कानडीत बिगी म्हणजे घट्ट. त्याच्या जोडीला येणारा दुसरा शब्द 'हिडको', म्हणजे धर. इंजिन बांधताना आवळण्याच्या निम्म्या चुका खरं तर या धरण्यातल्या असतात.

आधी हिशेब बघा. 100 ते 150 सीसीच्या इंजिनात मॅग्नेटचा (क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, त्याच्या टोकावरचं चुंबकी चाक) किंवा क्लच सेंटरचा (क्लचच्या मधल्या हबचा) नट साधारण 50 ते 70 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात; नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यायचा. 60 न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब पान्यावर सुमारे 6 किलोचा जोर. 30 सेंटिमीटरच्या पान्यावर तो 20 किलोचा जोर झाला. तेवढाच जोर उलट बाजूनं कुणीतरी सोसायला हवा. हातात फडकं घेऊन मॅग्नेट धरणारा तो सोसू शकत नाही. ठरलेला जोर झाला की वाजणारा टॉर्क पाना 'टक' करायच्या आधीच क्रँक फिरते आणि नट आवळला असं वाटून जातं.

चेंबर (क्रँक आणि गिअर ज्यात बसतात ती इंजिनची पेटी) टेबलावर उघडं ठेवून आवळू नका. बाभळीच्या दोन जाड फळ्यांची चौकट करा, क्रँकचं टोक खाली लोंबेल एवढी जागा मध्ये सोडा, आणि इंजिन चेसिसला बसतं त्याच भोकांतून दोन बोल्ट आरपार घालून चौकटीला कसा. व्हाइसमध्ये चेंबर थेट धरलं की पॅकिंग बसतं त्या सपाट तोंडावर ओरखडा उठतो आणि तिथून तेल झिरपतं. धरायचंच झालं तर जबड्यांवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हवी.

आता क्रँक अडवणं. सगळ्यात प्रचलित युक्ती म्हणजे प्रायमरी गिअर (क्रँकवरचा) आणि त्यानं फिरणाऱ्या क्लच गिअरच्या दातांत पाचर. ती तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची घ्या, 3 ते 4 मिलिमीटर जाड. स्क्रूड्रायव्हर घातला तर गिअरचा दात उडतो, आणि उडालेला तुकडा चेंबरच्या तळाशी जाऊन बसतो. पाचर कुठल्या बाजूनं घालायची हे मात्र फार थोडे जण सांगतात. दात जिथे एकमेकांत शिरतात त्या बाजूनं घालायची. जिथे सुटतात तिथे घातली तर ती बाहेर फेकली जाते. क्लच उजवीकडे असलेली गाडी उजवीकडून बघा: क्रँक पुढे, क्लच मागे. क्रँकच्या या टोकाचा, प्रायमरी गिअरचा नट आवळताना क्रँक घड्याळाच्या दिशेनं जाते, तिचे दात खालून वर येत क्लचच्या दातांत शिरतात, म्हणून पाचर खालून. तोच नट सोडताना वरून. जुन्या बुलेटमध्ये प्रायमरीला गिअर नसून चेन आहे, तिथे पाचरीच्या नादी लागू नका. चेनची कडी वाकते.

क्लच सेंटरच्या नटाला ही पाचर उपयोगी नाही, आणि इथेच बरेच जण गोंधळतात. पाचर क्लचचं बाहेरचं घर अडवते, मधला हब नव्हे. स्प्रिंगा बसवलेल्या नसल्यामुळे प्लेटा दाबल्या जात नाहीत आणि हब आतल्या आत फिरत राहतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडे अर्ध्या तासात होणारं अवजार यावर उपाय आहे. भंगारातल्या दोन स्टीलच्या क्लच प्लेटा एकावर एक ठेवून त्यांचे आतले दात जुळवायचे, जोडून घ्यायच्या आणि बाहेरच्या कडेला 40 सेंटिमीटरची लोखंडी पट्टी डकवायची. एकच प्लेट वापरली तर ती वाकते आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हबच्या खाचा चेपतात. पट्टी चौकटीला टेकवून ठेवा, माणसाच्या हातात देऊ नका.

मॅग्नेटचा नट पाचरीनं अडवून आवळणं आम्हाला पसंत नाही. बहुतेक सिंगल सिलिंडर गाड्यांची क्रँक तुकड्यांची, दाबून बसवलेली असते. उजवीकडे पाचर आणि डावीकडे जोर दिला की सगळा पीळ क्रँकचे तुकडे जोडणाऱ्या क्रँकपिनमधून जातो. मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत बहुधा काही होत नाही, पण पाइप लावून हिसके दिले तर क्रँक हलू शकते आणि मग इंजिन थरथरतं. मॅग्नेटला पट्ट्याचा पाना लावा, आधी त्याची बाहेरची कड पेट्रोलनं पुसून. तेलकट मॅग्नेटवर पट्टा घसरतोच. भोकात स्क्रूड्रायव्हर अडकवलात तर आतल्या कॉइलची तार तुटलीच समजा.

हेड आणि ब्लॉक उतरलेले असतील तर कनेक्टिंग रॉडच्या वरच्या डोळ्यात जुनी गजनपिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) घाला. चेंबरच्या तोंडावर दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे लाकडी ठोकळे ठेवा आणि पिन त्यांवर टेकेपर्यंत क्रँक फिरवा. ही पकड दोन्ही दिशांना चालते. ठोकळ्यांची उंची अशी ठेवा की क्रँकपिन अर्ध्या फेरीच्या मध्याला, म्हणजे काटकोनात राहील. सुमारे 50 मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वरखाली धावेच्या) इंजिनात 60 न्यूटन-मीटरला तिथे पिनवर जवळजवळ 240 किलोचा दाब येतो, आणि काटकोनापासून सरकलं की तो वाढतच जातो. ठोकळा एकाच बाजूला असेल तर कनेक्टिंग पिरगळतं.

हेड बसलेलं असेल तर पिस्टन अडवून क्रँक थांबवायला प्लगच्या भोकातून 6 ते 8 मिलिमीटरची नायलॉन दोरी घालतात. सुताची नको, तिचे धागे आत राहतात. फोर स्ट्रोकमध्ये दोन्ही वॉल्व्ह बंद असलेल्या कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन वर यायच्या आधी दोरी भरा, नाहीतर वॉल्व्ह वाकेल. आरएक्स 100 सारख्या टू स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायचं भोक) पिस्टननं झाकलं गेल्यावरच दोरी घाला, नाहीतर ती पोर्टात शिरून कापली जाते.

कॅम चेन (वॉल्व्ह चालवणारी चेन) असलेल्या इंजिनात क्रँक हलवण्याआधी चेन तारेनं वर टांगून ठेवा, नाहीतर ती खाली गिअरमध्ये गुंडाळते. चेंबरचे दोन अर्धे जोडताना मधून बाहेर, आडवेतिडवे, दोन फेऱ्यांत आवळा आणि प्रत्येक फेरीनंतर क्रँक हातानं फिरवून बघा. फट राहिली असेल तर बोल्टनं ओढून मिटवू नका; आत काहीतरी जागेवर नाही.

नट बसल्यावर लॉक वॉशरचा कान दुमडायचा. कान आणि नटाची सपाट बाजू जुळली नाही तर नट किंचित पुढे न्या, मागे कधीच नाही. आणि पाचर वापरली असेल तर तिचे तांब्याचे कीस दातांमधून ब्रशनं काढून मगच क्लच कव्हर लावा.