संशोधकाला साहित्यशोध करून देताना

‘या विषयावर काय काय छापून आलंय ते काढून द्या’ म्हणत संशोधक ग्रंथालयात आला की ग्रंथपाल म्हणून लगेच डेटाबेस (लेखांच्या नोंदींचा शोधता येणारा संग्रह) उघडू नका. आधी प्रश्न नीट करून घ्या. खंड हातात दिला की काम संपायचं, ते दिवस गेले. आता दुसऱ्या कुणालाही जसाच्या तसा पुन्हा चालवता येईल असा शोध द्यावा लागतो. विषयाला चपखल बसणारे चार-पाच लेख त्याच्याकडून आधीच मागून ठेवा. पुढे लागतील.

समजा विषय आहे रात्रपाळीच्या परिचारिकांची झोप. त्यातल्या कल्पनांचे शब्दगट तीन: परिचारिका, रात्रपाळी, झोप. एकेका गटातले समानार्थी शब्द ‘ऑर’ने (यातला कोणताही चालेल) जोडून कंसात टाका, मग तिन्ही कंस ‘अँड’ने (सगळे हवेत) जोडा. कंस विसरलात तर पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस डावीकडून उजवीकडे जातो, स्कोपस हा सर्व विषयांचा डेटाबेस आधी ‘ऑर’ सोडवतो आणि एकाच ओळीचे दोन अर्थ होतात. ‘नॉट’ (हा शब्द असलेले लेख वगळा) शक्यतो नकोच. ‘रुग्ण नकोत’ म्हटलं की रुग्ण आणि परिचारिका दोघांवरचा लेखही गळतो.

तारांकन (*), म्हणजे त्याआधीच्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द आणणारं चिन्ह, जपून वापरा. ‘नर्सिंग’चं इंग्रजी स्पेलिंग पहिल्या चार अक्षरांवर तोडून तारांकन लावलं, तर नर्सरी आणि स्तनदा मातांवरचे लेखही येतात. शिवाय पबमेडमध्ये तारांकन किंवा अवतरणचिन्हं लावली की शब्द आपोआप मेश शीर्षकाशी (लेखांना लावलेल्या ठरावीक विषय-शब्दाशी) जोडला जात नाही. म्हणून मेश शीर्षकं आणि लेखाच्या शीर्षक-सारांशातले शब्द दोन्ही ‘ऑर’ने घ्या. नुसत्या मेशवर विसंबलात तर ती शीर्षकं अजून न लागलेले ताजे लेख सुटतात.

आता ते राखून ठेवलेले लेख. सगळे निकालात आले का? एखादा नसेल तर आधी तो त्या डेटाबेसमध्ये आहे का बघा. असेल तर एकेक गट वेगळा चालवून तो कुठे गळतो ते शोधा. बहुतेक वेळा दोष शेवटच्या, म्हणजे परिणामाच्या गटात असतो: झोप मोजलेली असते, पण सारांशात तिचा उल्लेख नसतो. तसं असेल तर तो गटच काढून टाका. निकाल वाढतील, चाळण्याचं काम वाढेल. संशोधकाला हे आधीच सांगा.

नोंद त्याच दिवशी करा: डेटाबेस, तारीख, लावलेल्या गाळण्या, निकालांची संख्या आणि शोधाची पूर्ण ओळ, टंकून नव्हे तर कॉपी करून. साहित्यशोधाची नोंद कशी द्यावी हे सांगणाऱ्या प्रिझ्मा-एस या 2021 च्या तपासयादीत 16 मुद्दे आहेत, तीच समोर ठेवा. गूगल स्कॉलर पूरक म्हणून ठीक, पण ते पहिल्या 1000 निकालांपुढे जाऊ देत नाही.

निकाल आरआयएस या संदर्भांच्या फाइल-स्वरूपात उतरवून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. दुहेरी नोंदी काढण्याआधीचा आकडा लिहून ठेवा, अहवालात तो लागतोच. प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधी ऑनलाइन टाकलेला मसुदा) आणि छापील लेखाचे डीओआय (लेखाचे कायमचे ओळख-क्रमांक) वेगळे असतात, त्यामुळे नुसतं डीओआयवर जुळवलं तर ही जोडी तशीच राहते. ती शीर्षक आणि पहिल्या लेखकावरून हातानेच पकडा.

चॅटबॉटकडून समानार्थी शब्द जरूर घ्या. संदर्भ मात्र घेऊ नका. संशोधकाने आणलेच असतील तर प्रत्येक डीओआय उघडून शीर्षक ताडून पाहा, कारण डीओआय खरा आणि लेख भलताच असंही होतं.