गंजून बसलेला लोअर आर्मचा बोल्ट

जुन्या गाडीचा लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) काढायचा होता. नट मुकाट्याने सुटला, पण बोल्ट काही केल्या बाहेर येईना. पाना लावला की थोडा फिरायचा, सोडला की परत मागे. म्हणजे बोल्ट बुशच्या, म्हणजे आर्मच्या टोकातल्या रबरी सांध्याच्या, आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलाय आणि पिळतंय ते नुसतं रबर. अशा वेळी गंज सोडवणारं तेल रात्रभर मारून ठेवलं तरी फारसं आत झिरपत नाही, कारण नळीची दोन्ही टोकं ब्रॅकेटमध्ये घट्ट दाबलेली असतात. हातोडीने आटे चेपतात. गॅसच्या टॉर्चने तापवलं तर रबर पेटतं, आणि तो धूर नकोच.

शेवटी गाडी स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर कधीच नाही), बुश आणि ब्रॅकेटच्या फटीत करवतीचं पातं घातलं आणि बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला. आर्म अलगद खाली आला. बुश तसाही बदलायचाच होता.

नव्या बोल्टच्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझ (बोल्ट गंजून चिकटू न देणारं वंगण) लावलं, आट्यांना नाही. तिथे लागलं की टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं याचा, हिशेब चुकतो. शेवटचं आवळणं मात्र चाकांवर गाडीचा भार आल्यावरच. आर्म लोंबकळत असताना आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.