मनगटाला मुंग्या येतात? टेबल असं लावा

दिवसभर कीबोर्डवर काम करणाऱ्याचा हात बधिर व्हायला लागला की दोन सल्ले हमखास मिळतात: मनगटाखाली उशी घ्या आणि ताठ बसा. दोन्ही मी वर्षभर इमानाने पाळले आणि हात बिघडतच गेला. त्यानंतर स्वतःचं आणि बऱ्याच सहकाऱ्यांचं टेबल लावून दिलंय, त्यातून हा क्रम बसलाय.

स्क्रीन हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. लॅपटॉप असेल तर कीबोर्ड वेगळा घ्याच.

आता कोपर. सगळे इथेच चुकतात. 'तळपाय जमिनीला टेकतील एवढी खुर्ची ठेवा' हे वाचून लोक पायांपासून सुरुवात करतात. टेबल बहुतेकदा उंच असतं आणि ते खाली येत नाही. मग एकतर खांदे कानांकडे चढतात, नाहीतर मनगट टेबलाच्या कडेवर टेकून मागे वळतं. म्हणून सुरुवात कोपरापासूनच करा. खांदे सैल, दंड अंगालगत, कोपर काटकोनात. टेबल कोपराच्या किंचित खाली येईपर्यंत खुर्ची वर घ्या. पाय लोंबकळले तर खाली लाकडी ठोकळा ठेवा.

मग कीबोर्डचे मागचे पाय मिटवा, कारण त्यांनी मनगट आणखी वर वळतं. टाइप करायला हात ठेवा आणि पंजाच्या पाठीपासून कोपराकडे फूटपट्टी आडवी ठेवायला कुणाला तरी सांगा. ती डुगडुगली किंवा खाली मोठी फट दिसली तर मनगट वाकलेलं आहे.

एवढा हट्ट का? मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटं वळवणाऱ्या ९ कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. मनगट वाकलं की तिथला दाब वाढतो. उशीवर मनगट टेकवून टाइप केलं तरी नेमका तिथेच दाब पडतो. ही नस अंगठा, पुढची दोन बोटं आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाकडे जाते, म्हणून मुंग्या तिथेच येतात, करंगळीला नाही. मी कित्येक रात्री हात झटकत उठायचो आणि हात अंगाखाली आला असेल म्हणून सोडून द्यायचो. शर्टाचं बटण लागेना तेव्हा डॉक्टरकडे गेलो. तुम्ही एवढं थांबू नका. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा एकदा खोल गेला की तो पूर्ण भरून येईलच असं नाही. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री झोपताना बांधा. तो बांधून टाइप करू नका.

माउस कीबोर्डला चिकटून ठेवा.

बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७१३ मध्ये लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं लिहून ठेवली: सतत बसणं, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरचा ताण. टेबल कितीही नीट लावा, बसण्याचे तास त्याने कमी होत नाहीत. दर अर्ध्या तासाने उठा. आणि तुमची खुर्ची दुसऱ्या कुणी वापरली असेल, तर फूटपट्टी पुन्हा लावून बघा.