गोव्यातल्या हवेत गाडीचे अलॉय व्हील आणि बॉडी घरच्या घरी कशी साफ करायची

गोव्यात गाडी बाळगायची म्हणजे खारी हवा, तांबडी माती आणि जूनपासून धो धो पाऊस, हे तिन्ही तिच्या वाट्याला येणारच, आणि सगळ्यात जास्त मार खातात ती चाकं. बाहेरून चिखल आणि मीठ, आतून ब्रेकची गरम धूळ. त्यात सांगे, डिचोली, उसगाव बाजूला खनिजाच्या ट्रकांमागून जायचं असेल नाहीतर वास्कोत कोळशाची धूळ बसणाऱ्या भागात गाडी उभी राहत असेल तर विचारूच नका. तरी सर्व्हिस स्टेशनला न जाता घरच्या अंगणात हे काम मस्त होतं, फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: भिजवणं जास्त, घासणं कमी. रंगावर जे बारीक ओरखडे उन्हात गोल गोल दिसतात ते बहुतेक वेळा कोरडी माती फडक्याने पुसल्यामुळेच आलेले असतात.

वेळ सकाळची घ्या, ऊन चढायच्या आधी, किंवा संध्याकाळी सावलीत. पण माडाखाली गाडी लावू नका, का ते सांगायला नको. चाकं पूर्ण थंड पाहिजेत. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून आलात की ब्रेकची डिस्क (चाकामागची लोखंडी चकती) चांगलीच तापलेली असते, त्यावर थंड पाणी मारलं तर डिस्क वाकू शकते आणि केमिकल मारलं तर ते लागलीच सुकून डाग पडतो. तासभर थांबा, चहा घ्या, मग सुरू करा.

सामान फार लागत नाही. तीन बादल्या (दोन बॉडीसाठी, एक फक्त चाकांसाठी, आणि ती कधीच अदलाबदल करायची नाही), कार शाम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा आणि चार-पाच मायक्रोफायबर फडकी, चाकासाठी मऊ ब्रश, नटांच्या खोबणीसाठी रंगाचा जुना ब्रश ज्याच्या पत्र्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली असेल म्हणजे पत्रा घासणार नाही, आयर्न रिमूव्हर आणि हातात रबरी मोजे. भांड्यांचा साबण वापरू नका, तो बॉडीवरचं वॅक्स उतरवतो. नारळाची सोडणं, काथ्या, तारेची घासणी ही तर गाडीच्या जवळपासही नको.

आता चाकं, आणि चाकं नेहमी आधीच, कारण त्यांचं काळं पाणी उडून धुतलेल्या बॉडीवर बसतं. आधी पाइपने किंवा प्रेशर वॉशरने चाक, टायर आणि वरची कमान भरपूर धुवून घ्या. वॉशरचा नोझल निदान फूटभर लांब धरा, टायरच्या बाजूवर अगदी जवळून जोराचा फवारा मारायचा नाही. कमानीच्या आत वरच्या बाजूला हात घालून बघा, तिथे तांबड्या मातीचे गोळे बसलेले असतात, ते ओल धरून ठेवतात आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून माती नरम होईपर्यंत पाणी मारत राहा. माती गेल्याशिवाय महागडं केमिकल मारलं तर ते मातीवरच फुकट जातं.

माती गेल्यावरही जे तपकिरी काळे ठिपके राहतात ती ब्रेकची धूळ. डिस्क आणि पॅड घासून लोखंडाचे बारीक गरम कण उडतात, ते चाकाच्या लॅकरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात, रुततात आणि मग गंजतात, साध्या शाम्पूने ते निघत नाहीत. त्यासाठी आयर्न रिमूव्हर. चाकावर फवारा, तीन ते पाच मिनिटं थांबा, लोखंड असेल तिथे रंग जांभळा होऊन खाली ओघळायला लागेल. वास घाणेरडा येतो, त्यामुळे मोकळ्या हवेतच करा, वारा तुमच्या तोंडावर येत नाही हे बघा. ते सुकू द्यायचं नाही, सुकतंय असं वाटलं की पाणी मारा. जांभळं झाल्यावर मऊ ब्रशने स्पोकच्या मागे, आतल्या गोलाईत, नटांच्या खोबणीत हलकं फिरवा आणि सढळ पाण्याने धुवा. जास्तच बसलेलं असेल तर परत एकदा मारा, पण जोर लावून घासू नका. बाटलीवर पीएच न्यूट्रल (म्हणजे अ‍ॅसिडही नाही आणि अल्कलीही नाही) लिहिलेलं असेल तेच घ्या.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. टॉयलेट-बाथरूमचं अ‍ॅसिड चाकाला लावायचं नाही म्हणजे नाही. पहिल्या दिवशी चाक चमकतं आणि लोक खूश होतात, पण अलॉय म्हणजे मुळात अ‍ॅल्युमिनियम, अ‍ॅसिड त्याला खातं आणि वरचं लॅकरही खराब करतं. डायमंड कट चाक असेल तर आणखी जपा, त्याच्या चमकत्या भागावर रंग नसतोच, यंत्रावर कापलेल्या उघड्या धातूवर फक्त पारदर्शक लॅकर असतं. दगडाने किंवा फुटपाथच्या कडेला लागून त्याला टवका गेला की खारं पाणी आत शिरतं आणि लॅकरखाली पांढऱ्या पांढऱ्या रेषा पसरत जातात. त्या कुठल्याच पॉलिशने जात नाहीत, चाक परत मशीनवर घ्यावं लागतं. म्हणून टवका दिसला तर लवकर दुरुस्त करून घ्या, पावसाळ्यापर्यंत थांबू नका.

चाक धुतलं की फडक्याने कोरडं करा आणि त्यावर व्हील सीलंट किंवा साधं वॅक्स पातळ लावा. हे लोक टाळतात, पण पुढच्या वेळचं अर्धं काम इथेच वाचतं, कारण धूळ नीट चिकटतच नाही.

चारही चाकं झाली की बॉडी. आधी नुसतं पाणी, वरून खाली. मग एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात पिळून माती सोडायची आणि परत शाम्पूत. टपापासून सुरू करा, दारांची खालची पट्टी आणि मागचा बंपर शेवटी, तिथे सगळ्यात जास्त माती असते. हात सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नको. बोअरच्या पाण्याचे थेंब सुकले की पांढरे ठिपके राहतात, म्हणून एक भाग धुऊन झाला की लगेच पाणी मारा आणि शेवटी मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने टिपून घ्या, ओढून पुसू नका.

झाडाखाली गाडी असते त्यांच्यासाठी थोडं वेगळं. फणसाचा चीक लागला असेल तर आपण हाताला लावतो तसंच थोडं खोबरेल तेल त्यावर लावून ठेवा, मऊ होतो, मग शाम्पूने तेलासकट धुवा. पक्ष्याची घाण सुकली असेल तर खरवडू नका, ओलं फडकं पाच-दहा मिनिटं वर ठेवा, आपोआप सुटते. पण ही घाण उन्हात दिवसेंदिवस राहू देऊ नका, रंगात डाग कोरला जातो. डांबराला टार रिमूव्हर वापरा, रॉकेल रबरी पट्ट्यांना बाधतं.

धुतल्यावर हाताला प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवर हळूच फिरवून बघा. खरखर लागली तर क्ले बार (रंगावर चिकटलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा) लागेल, शाम्पूचं पाणी फवारून हलक्या हाताने एकेक भाग करा आणि क्लेचा गोळा जमिनीवर पडला तर तो टाकूनच द्या, त्यात वाळू चिकटलेली असते. मग वॅक्स. अगदी पातळ थर, एका वेळी एकच पॅनल, धूसर झालं की स्वच्छ फडक्याने पुसायचं. आपल्याकडे एवढा पाऊस आणि मिठाची हवा, त्यामुळे वॅक्स मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर एकदा हवंच, म्हणजे दसऱ्याच्या पूजेलाही गाडी तयार असते. काचेवर वॅक्स नको.

दोन जागा कुणी बघत नाही. एक, पुढच्या काचेखालची जाळी, जिथे आंब्याची सुकी पानं साचतात आणि पाणी जायचा मार्ग बंद होतो, मग पावसाचं पाणी थेट आत गाडीत. दुसरी, दारांच्या खालची निचऱ्याची भोकं, तांबड्या मातीने बुजली की दाराच्या आत पाणी तुंबून आतूनच सडायला लागतं. पातळ काडीने मोकळी करा. फेरीबोटीतून किंवा किनाऱ्यालगतच्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तरी गाडीखाली गोडं पाणी मारावं. बीचवर गाडी नेणं तर गोव्यात कायद्यानेच बंद आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

आतून व्हॅक्यूम करा, मॅट काढून उन्हात टाका. पावसाळ्यात सीटबेल्टला आणि कापडी सीटला बुरशी येते, पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून फडक्याने पुसा आणि पूर्ण सुकेपर्यंत काचा उघड्या ठेवा. घरी पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून फक्त पंखा चालू ठेवला तर आतली ओल सुकते आणि तो कुबट वास येत नाही.

शेवटी टायर. पाण्यावर आधारलेलं टायर ड्रेसिंग स्पंजवर घेऊन फक्त बाजूला लावा, रस्त्याला लागणाऱ्या भागावर अजिबात नको, गाडी घसरेल. दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या नाहीतर चालवताना बॉडीवर शिंतोडे उडतात. आणि चाकं धुतल्यावर गाडी तशीच हँडब्रेक लावून बंद करू नका, ब्रेक ओले असतात, पॅड डिस्कला चिकटून बसतात, म्हणून गावात एक छोटी फेरी मारा, मागे कुणी नाही बघून दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबा, आणि मगच गाडी लावा.