इंटिरियर डिझायनर ठरवण्याआधी हे विचारा
जुळे सोलापुरात नवा फ्लॅट घेतला की इंटिरियरवाल्यांचे फोन सुरू होतात. ॲडव्हान्स देण्याआधी समोरच्याची पात्रता विचारा, त्यात संकोच कसला?

आपल्या देशात ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने संरक्षित आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी नसलेल्याला ती लावता येत नाही. नोंदणी क्रमांक ‘सीए’ने सुरू होतो आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कार्डावर ‘आर्किटेक्ट अँड इंटिरियर’ असेल, तर तो क्रमांक मागाच. इंटिरियर डिझायनरला मात्र असा कायदेशीर परवाना लागत नाही. कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून पदवी की डिप्लोमा, किती वर्षांचा आणि कुठल्या संस्थेचा, हे प्रमाणपत्रासकट बघा. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्सचे सदस्यत्व असेल तर चांगलेच, पण ते ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून माणूस वाईट ठरत नाही.

माझ्या मते कागदाइतकेच पूर्ण झालेले काम महत्त्वाचे. दोन-तीन वर्षे वापरात असलेले घर दाखवायला सांगा आणि घरच्यांशी बोला. सोलापूरच्या उन्हाळ्यात लॅमिनेट कुठे सुटले, पश्चिमेच्या खोलीत किती तापते, हे तिथेच कळते.

भिंत पाडायची असेल किंवा जुन्या पेठेतल्या माळवदाच्या घराला हात लावायचा असेल, तर डिझायनरच्या शब्दावर जाऊ नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी सल्ला घ्या आणि महापालिकेची परवानगी लागते का, तेही विचारून घ्या.