टॅरो आणि कबाला शिकताना या चुका टाळा

गोव्यात टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून प्रश्नाचा विचार करायची पद्धत, आता हणजूणच्या बुधवारच्या बाजारापुरता किंवा हरमलच्या किनाऱ्यापुरता राहिलेला नाही. फोंडा, म्हापसा, डिचोली, मडगाव इथली आपली मराठी माणसंही हौसेने पत्त्यांचा डेक मागवतात, आणि थोडं पुढे गेलं की कबाला या ज्यू गूढविद्येतली दहा टप्प्यांची आकृती, म्हणजे जीवनवृक्षही, वहीत काढून ठेवतात. काही महिन्यांनी मात्र बहुतेकांची तक्रार एकच असते: अर्थ पाठ झाले, रोज कार्ड काढतो, पण स्वतःत काही फरक पडत नाही. तक्रार खरी आहे आणि तिची कारणं सापडतातही.

कार्डाकडे कौल मागणं

गोव्यात ही चूक सगळ्यात जास्त होते आणि ती होणं स्वाभाविकही आहे. आपण देवळात प्रसाद घेत वाढलो. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर काम करायचं, डावी पडली तर थांबायचं. तो देवापुढचा व्यवहार आहे. त्यामागे श्रद्धा आहे, गाव आहे, ठरलेली रीत आहे. टॅरोच्या ७८ पत्त्यांची घडण तशी नाही. ‘टॉवर’ (बुरूज) हे कार्ड निघालं की नकार आणि ‘सन’ (सूर्य) निघालं की होकार असं एकदा धरलं, की चित्रातलं बाकी सगळं वाया जातं.

आमच्या अभ्यासगटात फोंड्याजवळच्या गावचे एक गृहस्थ आले होते. भाऊ आखातात, घराला वाटेकरी बरेच. त्यांचा प्रश्न होता, “वाडवडिलांचं घर चांगल्या भावाने जाईल का?” कार्ड निघालं टेन ऑफ पेंटॅकल्स. पुस्तकात अर्थ दिलेला: संपत्ती, वारसा, कुटुंबाची भरभराट. ते खूश झाले. मी म्हटलं, “दादा, पुस्तक मिटा आणि चित्रात कोण कोण आहे ते सांगा.”

“कमानीपाशी एक जोडपं आहे. त्यांच्यामागे पोर. पुढ्यात पांढऱ्या केसांचा म्हातारा, अंगात द्राक्षांच्या नक्षीचा झगा. दोन पांढरी कुत्री.”

“म्हाताऱ्याजवळ कोण आहे?”

“कुत्री,” ते म्हणाले, आणि पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत. वडील त्या घरात एकटेच राहत होते आणि विक्रीचं त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. त्या दिवशी वहीत लिहिला गेलेला प्रश्न वेगळाच होता: बाबांशी बोलायचं मी का टाळतोय?

याच कार्डावर दहा नाणी पसरलेली दिसतात. ती कशीही टाकलेली नाहीत, जीवनवृक्षावरच्या दहा सेफिरोतच्या, म्हणजे दैवी शक्तीच्या दहा टप्प्यांच्या, जागी ती बसवली आहेत. वर केतेर म्हणजे मुकुट, तळाशी मलखुत म्हणजे राज्य, आपलं हे रोजचं मातीचं जग. टॅरोला कबालाशी जोडणाऱ्या पद्धतीत प्रत्येक रंगाचा दहावा पत्ता मलखुतचा धरतात, आणि पेंटॅकल्स हा तर सगळ्यात भौतिक जगाचा रंग. वरून निघालेलं सगळं शेवटी एका घराच्या उंबऱ्यापाशी येऊन ठेपतं, असं हे चित्र मला वाटतं. भाव किती येईल, हे त्यात कुठे शोधायचं?

म्हणून प्रश्नातलं ‘होईल का’ काढून टाका. ‘यात माझा वाटा किती’, ‘मी काय बघत नाहीये’ असं विचारा. वहीत आधी डोळ्यांना दिसतं ते लिहा, मग मनाला वाटतं ते, आणि पुस्तक सगळ्यात शेवटी उघडा. हा क्रम उलटा झाला की रीडिंग मुकं होतं.

दोन तक्ते एकत्र करणं

“एका तक्त्यात ‘फूल’ (मूर्ख) या कार्डाला हिब्रूतलं आलेफ अक्षर दिलंय, दुसरीकडे मॅजिशियनला. खरं कोणतं?” हा गोंधळ हमखास होतो. मेजर आर्काना या टॅरोतल्या मुख्य गटाचे पत्ते २२ आणि हिब्रू अक्षरंही २२, म्हणून जोड्या लावायचा मोह जुना आहे. फ्रान्समध्ये एलिफास लेवी या गूढविद्येच्या लेखकाने १८५० च्या दशकात पहिलं अक्षर आलेफ मॅजिशियनला दिलं. लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळीने ते फूलला दिलं, त्यामुळे पुढची बहुतेक अक्षरं सरकली. राशींचा क्रम जमावा म्हणून त्यांनी स्ट्रेंग्थ आणि जस्टिस यांची अदलाबदलही केली. १९०९ सालच्या रायडर-वेट डेकमध्ये, ज्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली, हाच बदल दिसतो.

तुमच्या डेकमधलं आठव्या क्रमांकाचं कार्ड बघा. तिथे स्ट्रेंग्थ असेल तर डेक बहुधा गोल्डन डॉनच्या वळणाचा आहे, जस्टिस असेल तर बहुधा जुन्या मार्सेय वळणाचा. त्याप्रमाणे एकच तक्ता घ्या आणि निदान वर्षभर दुसऱ्याकडे बघू नका. तक्ते माणसांनी जुळवलेले आहेत. विचाराला शिस्त लावणं हा त्यांचा उपयोग, आणि दोन्ही एकदम धरले तर तीच शिस्त मोडते. जीवनवृक्षावर लगेच सात चक्रं बसवणंही याच जातीचं. सात आणि दहाचा मेळ ओढूनताणूनच घालावा लागतो.

आदिबंधाची रास करणं

‘मी हाय प्रिस्टेस आहे’, ‘माझा नवरा टिपिकल एम्परर’ असं सर्रास ऐकू येतं. मानसशास्त्रज्ञ युंगच्या आदिबंधांचा, म्हणजे सगळ्यांच्या मनात असलेल्या मूळ प्रतिमांचा, तो अर्थ नव्हे. राजा, आई, संन्यासी, छाया हे सगळे प्रत्येकात असतात. कोण पुढे आलंय आणि कोणाला आपण कोंडून ठेवलंय, हे तपासायचं असतं. आवडतं कार्ड निवडून त्याचं लेबल लावून घेणाऱ्याची वाढ तिथेच थांबते. नावडत्या कार्डासोबत बसणं जास्त कामाचं.

इथे कबाला खरी मदत करते. वृक्षाच्या उजव्या बाजूला हेसेद आहे, म्हणजे भरभरून देणं. समोर डावीकडे गेवुरा, म्हणजे आवर, मर्यादा, ‘नाही’ म्हणण्याची ताकद. चवथीला माटोळीपासून नेवऱ्यांपर्यंत सगळं एकटीने ओढणारी आणि विसर्जनानंतर आठवडाभर धुसफुसणारी वहिनी प्रत्येक घरात असते. तिच्यात माया कमी नाही, गेवुरा कमी पडते. गोल्डन डॉनच्या तक्त्यात या दोघांना जोडणाऱ्या वाटेवर स्ट्रेंग्थ येतं: सिंहाच्या जबड्यावर नुसते हात ठेवून उभी असलेली बाई. हातात चाबूक नाही, चेहऱ्यावर भीतीही नाही. हे कार्ड समोर ठेवून ‘या चवथीला मी कोणतं एक काम दुसऱ्यावर सोपवीन’ एवढंच लिहून बघा. महिनाभर रोज कार्ड काढण्यापेक्षा यातून जास्त मिळतं.

परंपरेचा इतिहास चुकीचा सांगणं

टॅरो इजिप्तच्या पुरोहितांनी लिहिला, ही कल्पना १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेब्लँ या लेखकाने मांडली. पुरावा तेव्हाही नव्हता. पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी तयार झाले. कबाला ही स्वतंत्र ज्यू परंपरा आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये झोहर हा तिचा मुख्य ग्रंथ पुढे आला, सोळाव्या शतकात आजच्या इस्रायलमधल्या ‘सफेद’ (Safed) नावाच्या गावी इसाक लुरिया यांनी तिला नवं रूप दिलं. त्या परंपरेत टॅरो नाही. आत्मपरीक्षणाची तिची स्वतःची साधना मात्र आहे: पेसाख आणि शावुओत या ज्यू सणांमधले ४९ दिवस मोजताना खालच्या सात सेफिरोतचा एकेका दिवशी एकमेकांच्या संदर्भात विचार करायचा. पत्त्यांशिवाय ही रीत समजून घेतली तरी पुष्कळ हाती लागतं.

गोव्याच्या माणसाने तर हे जपून बोलावं. ज्यू वंशाचा वैद्य गार्सिया द ऑर्ता याने औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली इथेच छापला. तो १५६८ साली वारला आणि १५८० साली इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. ज्यांची खूण सापडली तरी जीव जायचा, त्या लोकांची ही चिन्हं आहेत. गळ्यातल्या पदकावर ती मिरवण्याआधी एवढं तरी माहीत असावं.

आणखी थोडं

उत्तर आवडलं नाही म्हणून परत पिसू नका, त्या दिवसाचं तेच कार्ड. उलटं कार्ड अशुभ नसतं. नवशिक्याने सुरुवातीला सगळी सरळच ठेवावीत. डेथ कार्ड दाखवून कुणी महागडी शांत सुचवली तर तिथून उठा: त्या कार्डात घोड्यावरच्या सांगाड्याच्या मागे, दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे, तो आधी बघा.

आणि काही प्रश्न पत्त्यांकडे न्यायचेच नसतात. वाटणीचा दावा वकिलाकडे न्यायचा. रात्र रात्र झोप नाही, जगणं नको वाटतंय, अंगाला गाठ लागलीय, तर डेक कपाटात ठेवून त्याच दिवशी बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठायचं.